पन्नास फुटांच्या आतलं झाड

८ फेब्रुवारी

आज सकाळी आठ वाजता माझ्या मैत्रिणीने, गेलने, बटण दाबलं. मी दाबलं नाही.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच. रेडवूडच्या जंगलातल्या तंबूच्या जागा बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला खुल्या होतात आणि पाच मिनिटांत फस्त होतात. ऑगस्टात इथे ओरलंडला पारा एकशे दहा फॅरनहाइटच्या वर जातो, तेव्हा जो तो त्या झाडांखाली पळायला बघतो. म्हणून दर फेब्रुवारीत मी आणि गेल आपापल्या घरी फोन कानाला लावून बसतो आणि आठ वाजले की एकदम कॉम्प्युटरवर बुकिंगचं बटण दाबतो. नदीकाठी शेजारशेजारच्या दोन जागा. एकीत गेल आणि तिचा नवरा माँटी, दुसरीत मी आणि माझा नवरा डेल.

"दाबलंस का गं?" गेल ओरडली.

"नाही."

"अगं आर्लीन, जाईल ना जागा!"

"जाऊ दे. तंबूत प्लग असतो का?"

गेल गप्प झाली. गेल गप्प होणं म्हणजे काय ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल.

डेलची फुप्फुसं कडक होत चाललीत. नोव्हेंबरपासून ऑक्सिजनचं मशीन घरात आलंय. सुटकेसएवढं आहे, दिवसरात्र घुरघुरतं. त्याला वीज लागते. आणि ज्याच्या नाकात नळी आहे त्याने आगीजवळ फिरकायचं नाही. सत्तावीस वर्षं कॅम्पवरची शेकोटी पेटवायचं काम डेलचं होतं, दुसऱ्या कुणी काडी ओढलेली त्याला खपायची नाही.

मी बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली. बसच्या कोऱ्या नोंदवह्या उरल्यात, त्यांतच हे लिहितेय. साठ पोरं मागे किंचाळत असताना घाटात बस वळवलेली बाई मी, मला एक प्लगवाली खोली सापडू नये म्हणजे काय! डेलला सांगितलं, यंदा छपराखाली राहायचं. तर म्हणतो, "छपराखालीच राहायचं तर आपलं छप्पर काय वाईट आहे?"

२१ फेब्रुवारी

नऊ ठिकाणी फोन केले. रेडवूडजवळ खोल्या भाड्याने देणाऱ्या सगळ्यांना फायरप्लेसचं वेड लागलंय.

"मॅडम, आमच्या प्रत्येक खोलीत लाकडं जाळायची खरीखुरी फायरप्लेस आहे!"

"मला नसलेली हवीय."

"नसलेली?"

"नसलेली."

"अहो, लोक त्यासाठी येतात आमच्याकडे."

"मग लोकांना द्या, मला राहिलेली द्या."

पेटवू नका म्हणे, तुमच्यावर सक्ती नाही. आम्ही नाही पेटवली तरी शेजारचे सात जण पेटवणार. त्यांचा धूर काय परवानगी विचारून आत येणार आहे? डेलला शेजाऱ्याचा टोस्ट करपला तरी खोकला लागतो.

६ मार्च

मशीनवाला रुबेन आला होता. फार गुणी माणूस. मशीन तपासतो, वर डेलच्या टोमॅटोच्या रोपांची चौकशी करतो. त्याला सगळं विचारून घेतलं. नळी जास्तीत जास्त पन्नास फूट, त्याच्यापुढे जोर कमी होतो. मशीन थेट भिंतीतल्या प्लगला लावायचं, जोडवायर चालणार नाही. बाहेरच्या दमट हवेत ठेवायचं नाही. आगीपासून दहा फूट लांब. प्रवासाला सिलिंडर देईन म्हणाला, पण ते दोन-अडीच तासच पुरतात.

रुबेन गेल्यावर डेल म्हणाला, "ऐक ड्रायव्हरबाई. मी यायला तयार आहे. पण सिलिंडरचा काटा बघत झाडाखाली बसणार नाही. मला दुपारभर बसायचंय. झोप लागली तर झोपायचंय."

"म्हणजे नळी मशीनपासून झाडापर्यंत पोचायला हवी."

"मला वाटलं, नाही म्हणशील."

नाही कशाला म्हणू? चार महिन्यांत या माणसाने पहिल्यांदा काहीतरी मागितलं. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली, पन्नास फुटांवर गाठ मारली आणि बाकीची कापून टाकली. आता ज्या खोलीतल्या प्लगपासून ही दोरी रेडवूडला लागेल ती खोली माझी.

२२ मार्च

पहाटे पाचला निघालो, मी आणि गेल. डेलजवळ माँटी थांबला. गेल दिवसभर बाजूला होती म्हणून बरं, नाहीतर तिसऱ्या ठिकाणानंतर मी गाडी नदीत घातली असती.

पहिलं ठिकाण नदीकाठचं, लाकडी घरांचं. दाढीवाला तरुण मालक. स्वागताला लव्हेंडरचं पाणी. घर सुंदर, पण दारापर्यंत सतरा पायऱ्या, आणि झाड दोरीच्या अडीच पट लांब. "इथे लोक शांतता अनुभवायला येतात," तो म्हणाला. मी म्हटलं, "आमचं मशीन घुरघुरतं." त्याचा चेहरा बघून गेलला एवढं हसू आलं की लव्हेंडरचं पाणी नाकातून आलं.

दुसरं ठिकाण हायवेवरचं मोटेल. खोलीत सहा प्लग! मला तर भरूनच आलं. "आणि रेडवूड?" विचारलं तर मालकाने दाराबाहेर बोट दाखवलं. तिथे करवतीने कोरलेलं आठ फुटी अस्वल उभं. "अस्सल रेडवूडचं आहे," म्हणाला. दोरी मोजायचीही गरज नव्हती, बारा फूट. बिचाऱ्याने मनापासून सांगितलं होतं, म्हणून रागावता आलं नाही.

तिसरं ठिकाण जुन्या रस्त्यावर, झाडीत. एका ओळीत आठ बुटक्या खोल्या, पांढरा रंग उडालेला. मालकीण मिसेस लिंडक्विस्ट, आयोन नाव, ऐंशीच्या घरातली, काठीसारखी ताठ. तिचा केसाळ कुत्रा आमच्यावर भुंकत होता आणि ती त्याला थांबवत नव्हती.

"फायरप्लेस आहे का?"

"नाही. हवी असेल तर पुढे जा."

"नकोच आहे!"

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग दोरीकडे. "आणि ती दोरी? गळफास-बिळफास घेणार असाल तर आधी सांगा, मला खोली परत भाड्याने द्यायची असते."

डेलचं सगळं सांगितलं. तिने चार नंबरची खोली उघडली. दोनच पायऱ्या, त्यांना कठडा. समोर गवत, आणि गवताच्या पलीकडे तो रेडवूड. त्याच्या बुंध्याला मी, गेल आणि बाई हात धरून उभ्या राहिलो असतो तरी मिठी पुरी पडली नसती. प्लग पलंगामागे. दोरीचं टोक गेलने तिथे दाबून धरलं, मी पलंगाला वळसा घालून दारातून बाहेर, पायऱ्या उतरून गवतावर. आणि दोरी संपली. झाड आठ फूट लांब.

पुन्हा मोजलं. पलंगावरून तिरकी घेतली. आठाचे सात झाले.

"झाड काही सरकायचं नाही," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाली.

"ते दिसतंय मला," मी फटकन बोलले. मग गाडीत बसून रडले. म्हातारी दारात उभी राहून बघत होती. बघू दे. दोरी गेलने गुंडाळली.

२३ मार्च

डेलला सगळं सांगितलं. अस्वलाला खूप हसला, मग तितकाच खोकला. त्यानंतर त्याने तिन्ही ठिकाणांबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि मी थक्क झाले. झाडाबद्दल एक अक्षर नाही!

"दाराची कडी मजबूत आहे का?"

"कुठल्या?"

"म्हातारीच्या खोलीची. आणि ती स्वतः तिथेच राहते? रात्री हाक मारली तर ऐकू जाईल?"

"डेल, झाड सात फूट लांब आहे."

"पायऱ्या दोनच म्हणालीस ना? तुझ्या गुडघ्याला बरं. आणि तू गेलीस छत्तीस नंबरच्या रस्त्याने. तो वळणांचा रस्ता सोड. दोनशे नव्याण्णवने लांब पडतं, पण एकट्या माणसाला तोच बरा."

"एकटं कोण जाणारे?"

"बोलायची पद्धत असते."

जणू हा येणारच नाहीये! मी याच्यासाठी दोऱ्या घेऊन हिंडतेय आणि याला दाराच्या कडीचं पडलंय. मग विचारतो, त्या बाईचा नंबर कुठे लिहिलायस. फ्रिजवर आहे म्हटलं, पण आता उपयोग काय त्याचा?

२ एप्रिल, बुधवार

बुधवारी अजूनही मी शाळेची बस चालवते, नेहमीचा ड्रायव्हर सुट्टीवर असतो. घरी आले तर डेल दमलेला, फोन मांडीवर गरम झालेला.

"कोणाशी बोलत होतास एवढं?"

"विम्याची बाई होती."

आजारी माणसाला असं तास तास बोलायला लावतात, लाज कशी वाटत नाही! गेल्या बुधवारीही तिचाच फोन होता म्हणे. एकदा माझ्या तावडीत सापडू दे.

१७ एप्रिल

देव पावला! मिसेस लिंडक्विस्टचा फोन आला. बोलणं नेहमीसारखंच फटकळ.

"चार नंबरच्या खोलीत दाराशेजारी नवा प्लग बसवलाय. वायरमन आलाच होता दुसऱ्या कामाला, त्याच्याकडून करून घेतलं. माझ्या सोयीसाठी. हवी असेल तर खोली घ्या."

दाराशेजारी! म्हणजे पलंगाचा वळसा वाचला, खोलीची लांबी वाचली. मी कागदावर मांडून बघितलं, दहा फूट नळी उरते.

"आणि गवतावर सगळ्या पाहुण्यांची शेकोटीची जागा आहे," मी भीत भीत विचारलं, "ऑगस्टात तिथे..."

"लाकूडवाल्याने यंदा लाकडं द्यायची नाही म्हटलंय. शेकोटी बंद."

काय नशीब म्हणायचं! प्लग हवा होता तर वायरमन आयताच आलेला, आणि लाकूडवालाही नेमका यंदाच रुसलेला. गेलला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आर्लीन, तू इतकी वर्षं बस चालवलीस, तुला समोरचं दिसतं ना गं नीट?" काय म्हणायचंय तिला ते तिलाच माहीत. आठ ते पंधरा ऑगस्ट. खोली घेतली.

१९ मे

महिनाभर लिहिलं नाही. डेल नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होता, आज दुपारी घरी आणला. न्यूमोनिया. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच समजले की काहीतरी वाईट ऐकायचंय. वर्षभराच्या गोष्टी करू नका म्हणाले, महिन्यांच्या करा.

मी विचारलं, "ऑगस्ट चालेल का?"

ते म्हणाले, "न्या. जमलं तर नक्की न्या."

त्यांचे आभार. ती वॉर्डातली नर्स, तिनूमाई का काहीतरी नाव, डेलची दाढी करताना तिच्या सामोआ बेटांवरची गाणी म्हणायची, तिचेही आभार. डेल घरी आला, स्वतःच्या खुर्चीत बसला आणि माझ्या हातचं सूप नावं ठेवत ठेवत संपवलं. एवढं मिळालं, मी तक्रार करणार नाही.

गाडीत म्हणाला, "मी पडलो तरी खोली सोडू नकोस. तू जायचंस."

"आपण जायचं."

"आर्लीन."

"सिग्नल हिरवा झालाय, मला बघू दे."

१४ जून

आज एक अजबच प्रकार. डेल बंद काचेच्या खिडकीमागे नळी लावून खुर्चीत, मी अंगणात, उन्हात, लाकडं रचतेय. मी शेकोटी पेटवायला शिकायचं म्हणे. वय वर्षं सहासष्ट!

"माँटी आहे ना पेटवायला!" मी ओरडले.

"माँटी पेट्रोल ओततो!" काचेआडून आवाज. "खाली बारीक काटक्या! बारीक म्हणजे पेन्सिलीएवढ्या! ते काय ओंडके घालतेस?"

तीनदा विझली. चौथ्यांदा पेटली तेव्हा डेलने काचेवर टकटक करून अंगठा दाखवला. इतकी वर्षं ज्याने मला काडीलाही हात लावू दिला नाही, त्याला आता एकाएकी शिकवायची हौस आली. घरात बसून कंटाळतो बिचारा. त्याचा वेळ गेला ना, मग मला ऊन लागलं तरी चालेल.

२३ जुलै, बुधवार

बाजारातून नवी थर्मास आणली. सामानाची यादी करताना मी म्हटलं, त्या बाईच्या कुत्र्याचा भरवसा नाही, तू सांभाळून उतर. तर डेल म्हणतो, "पिकल चावत नाही. आवाजच मोठा आहे त्याचा."

"तुला त्याचं नाव कसं माहीत?"

"तूच सांगितलंस मार्चमध्ये."

सांगितलं असेल. मला आठवत नाही, पण हल्ली माझं डोकं तरी कुठे ठिकाणावर असतं.

८ ऑगस्ट

पोचलो! सहा तास, तीन सिलिंडर, दोनशे नव्याण्णवचा रस्ता. ओरलंड सोडताना गाडीचं स्टिअरिंग हाताला चटके देत होतं, इथे उतरताना डेलला स्वेटर घालावा लागला. मिसेस लिंडक्विस्टने स्वतः मशीन आत नेलं, मला हात लावू दिला नाही. कुत्रा भुंकला आणि सरळ डेलच्या पायांशी जाऊन बसला. कुत्र्यांना माणसं कळतात म्हणतात ते उगाच नाही.

डेल फार दमलाय. आल्या आल्या झोपला. दार उघडं ठेवलंय, त्याला झाड दिसावं म्हणून.

९ ऑगस्ट

आज काय लिहू? लिहिता येईल तेवढं लिहिते.

सकाळी दहाला डेल उठला, बूट घातले, आणि मला म्हणाला, "तू धरू नकोस. नळी तेवढी मोकळी करत ये." दोन पायऱ्या. थांबला. गवतावर बारा पावलं. थांबला. मी मागून नळी सोडत होते आणि मनात देवाचं नाव घेत होते. गेल आणि माँटी कॅम्पवरून कॉफी घेऊन आले होते, तेही जागच्या जागी उभे. माँटीने टोपी काढून हातात धरली होती, वेडा कुठला.

डेल झाडापाशी पोचला. दोन्ही तळवे बुंध्यावर टेकले, कपाळ टेकलं, आणि तसाच उभा राहिला. नळी अजून दहा फूट शिल्लक होती. त्याने ती हाताने ओढून घेतली आणि झाडाला वळसा घालून मागच्या बाजूला गेला, जिथे मुळांच्या बेचक्यात पाठ टेकून बसता येतं. तिथे बसला तो दुपारी चारपर्यंत. जेवण तिथेच, झोपही तिथेच, तोंड उघडं टाकून. मधे एकदा जागा झाला तेव्हा म्हणाला, "तू ना, भयंकर हट्टी बाई आहेस." माझ्यासाठी याहून मोठं बक्षीस नको.

मी सुखात आहे. हे वाक्य मी पुन्हा वाचलं आणि तसंच ठेवलं.

१२ ऑगस्ट

टॉवेल मागायला सकाळी मिसेस लिंडक्विस्टच्या ऑफिसात गेले. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही, लाकडी पेटीत पत्त्यांसारखी कार्डं असतात, एकेका पाहुण्याचं एकेक. टॉवेल देता देता म्हणाली, "बरं झालं आलात. पुढच्या वर्षी तुमची मैत्रीण तुमच्याबरोबर याच खोलीत झोपणार का तंबूत? दुसरा पलंग घालायचा असेल तर मला आधी सांगा."

"पुढच्या वर्षी?"

तिचा हात थांबला. बाई एरवी कुणाला घाबरेल असं वाटत नाही, पण आता घाबरली. "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

तिने कार्ड माझ्यापुढे ठेवलं. माझं नाव. पुढच्या वर्षीचे आठ ते पंधरा ऑगस्ट. खोली चार. माणसं: एक.

मी खुर्ची शोधून बसले. तिने कॉफी ओतली आणि मग सगळं बोलली. डेल मार्चपासून दर बुधवारी तिला फोन करतो. दाराला दुसरी कडी बसवाल का? माझ्या बायकोचा गुडघा दुखतो, कठडा हलत तर नाही? ती एकटी आली तर सकाळची कॉफी तुम्ही तिच्याबरोबर घ्याल का? ती बोलेल खूप, पण तुम्ही ऐकायचं नाटक केलंत तरी चालेल. आणि मिसेस लिंडक्विस्टने त्याला सांगितलं, तिचा स्वतःचा नवरा जाऊन चौदा वर्षं झाली, पहिल्या वर्षी ती कुठेच गेली नाही आणि ती तिची चूक झाली.

"प्लगचं पण त्यानेच सांगितलं?" मी विचारलं.

"नाही. प्लगचं त्यांनी एकदाही काढलं नाही. तुम्ही गाडीत रडत होता ते मी पाहिलं होतं. वायरमन मीच बोलावला."

"आणि लाकूडवाला?"

"लाकूडवाला माझा भाचा आहे. त्याला मीच नको म्हटलं."

मी किती मूर्ख आहे! विम्याची बाई ही! चार महिने मी घरातल्या घरात तिला शिव्या दिल्या. मी त्या म्हातारीला मिठी मारली. ती लाकडासारखी ताठ उभी राहिली, पण बाजूला झाली नाही.

मग मात्र मला राग चढला. तरातरा झाडामागे गेले. डेल मुळांत बसला होता, कुत्रा त्याच्या मांडीवर.

"तुला कुणी सांगितलं होतं माझ्या सुट्ट्या ठरवायला?"

माझ्या हातातलं कार्ड बघून त्याला कळलं. त्याने कुत्र्याची मान खाजवली. मग म्हणाला, "मी नाही ठरवलं तर तू ठरवणार नाहीस. पडदे ओढून ओरलंडच्या त्या भट्टीत बसशील आणि वर म्हणशील, मला काय गरज. ओळखतो मी तुला."

"मी खोली शोधत होते तुझ्यासाठी!"

"मीही तुझ्यासाठीच शोधत होतो." त्याला दम लागला, थांबला. "तीच सापडली दोघांना. बरंच झालं की."

मी रडले. लपवून नाही, चांगली भोकाड पसरून रडले. तोही रडला, आणि त्याला रडणं परवडत नाही, म्हणून आम्ही दोघांनी थांबवलं. नळी नीट केली, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत मोजत बसले. चाळीस वर्षं या माणसाशी भांडलेय आणि अजून मला त्याचा थांग लागत नाही. त्याच्यासाठी, या खोलीसाठी, त्या खाष्ट म्हातारीसाठी मी देवाचे आभार मानायला कुठून सुरुवात करू, मला कळेना.

शेवटी उठले आणि ऑफिसात गेले. मिसेस लिंडक्विस्टने कार्ड घेतलं.

"रद्द करायचं?"

"नाही. दोन करा."

तिने माझ्याकडे बघितलं, चष्मा लावला, एकाचा आकडा खोडला आणि शेजारी दोन लिहिला. पेनने.

परत जाऊन डेलला सांगितलं. त्याने वर झाडाकडे बघितलं.

"आणि मी नसलो तर?" त्याने विचारलं. इतक्या महिन्यांत हे तोंडाने पहिल्यांदा बोलला.

"नसलास तर पलंगाची तुझी बाजू रिकामी राहील. मी तिकडे सरकणार नाही."

"ऐसपैस झोप की बाई."

"नाही झोपणार," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी मुळांत बसले. कुत्रा थोडा सरकला आणि मला जागा झाली.